एक्कावन्न वाट्यांवरची वही

भंडाऱ्याच्या भांडेबाजारात भैय्यालाल अडतीस वर्षांपासून भांड्यांवर नावं टाकतो. लग्नसराईत वरठीपासून सिहोऱ्यापर्यंतची माणसं आंदणाची भांडी घेऊन त्याच्यापुढे रांग लावतात. नाव कागदावर लिहून द्यायचं. तो कागद गुडघ्याखाली दाबतो, मशीन सुरू करतो आणि बघता बघता अक्षर उतरतं, तेही असं देखणं की शाळेतल्या गुरुजींनी मान खाली घालावी. मात्र हा बुवा जे उतरवतो ते वाचत नाही. वाचायला गेलं की हात अडखळतो म्हणे. तो अक्षरं मोजतो, काठाचा अंदाज घेतो आणि मोकळा होतो.

त्याची बायको कौशल्याबाई नेमकी उलट. चिवड्याची पुडीसुद्धा वाचल्याशिवाय फेकणार नाही. सातवी झाली आणि लग्न झालं. नवी भांडी ज्या रद्दीत गुंडाळून यायची ती रद्दी चुलीपुढे उलगडून वाचता वाचता तिनं दोन पोरं वाढवली, सासूच्या शिव्या खाल्ल्या आणि पुढे गावातल्या वाचनालयातलं एकेक कपाट संपवलं. शिवाय तीस वर्षांपासून दुपारची भांडी झाली की ती वहीत लिहायची. वही तांदळाच्या कोठीत ठेवायची. तिला वाटायचं, कुणाला पत्ता नाही. अहो, घरात तांदूळ रोज काढतात! भैय्यालालला सगळं माहीत होतं. पण तो समजून होता की बायको सुविचार लिहिते.

यंदा संक्रांतीच्या सुमारास कौशल्याबाईला साठ वर्षं पूर्ण होत होती. सून रुचिकानं सासऱ्याला मोबाइल दाखवला. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांना द्यायच्या मजेशीर भेटी होत्या त्यात. पुस्तकाच्या आकाराची उशी, मानेत अडकवायचा दिवा, "वाचन चालू आहे, नंतर बोला" अशी दारावर लावायची पाटी, आणि आवडती ओळ छापलेला कप. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"मामाजी, हा कप मागवू का आत्याबाईसाठी?"

"ओळ टाकायले कप कायले पायजे वो?" भैय्यालाल म्हणाला. "मी काय मेलो का?"

त्यानं काय केलं ते ऐका. हळदीकुंकवाच्या वाणासाठी एक्कावन्न स्टीलच्या वाट्या घेतल्या, कोठीतली वही गुपचूप दुकानात नेली आणि प्रत्येक वाटीच्या काठावर बायकोच्या वहीतली एकेक ओळ टाकली. मग वही जागच्या जागी ठेवून दिली. वाट्या कागदात गुंडाळून घरी आणल्या आणि बजावलं, "आधी उघडायच्या नाही. बाया उघडतीन तवाच पाह्य." आणि तो परत दुकानात गेला. हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम?

कौशल्याबाईला वाटलं, नेहमीसारखं नाव आणि साल टाकलं असेल. तिनं हौसेनं हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण हातात ठेवलं. शेजारची ललिताबाई सगळ्यात आधी आली आणि गुडघे दुखतात म्हणून लगेच गेली. बाकीच्या बसल्या. एकीनं सहज कागद सोडला आणि मोठ्यानं वाचलं, "शकुबाई नेलेली चाळणी परत देत नाही."

शकुबाई समोरच बसलेली. तिळगुळाचा लाडू तोंडात, ना गिळता येतो ना बाहेर काढता येतो.

कौशल्याबाईच्या हातातला कुंकवाचा करंडा खाली पडला. ही तर तिची ओळ! तिच्या वहीतली! कोठीतली! तोवर दुसरीनं कागद सोडला. "यांच्या घोरण्यानं जीव नको झाला." तिसरीनं वाचलं, "आज सासू मेली. मी जेवले." बाया आधी हसल्या, मग भराभर सगळ्यांनीच कागद सोडले. चार भिंतींच्या आत तीस वर्षं कोंडलेलं सगळं त्या बैठकीत उघड्यावर आलं. कौशल्याबाईला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

शकुबाई तरातरा गेली आणि चाळणी आणून तिच्या पुढ्यात आदळली. पण कौशल्याबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला एकाच ओळीची भीती होती. ती अजून कुणी वाचली नव्हती.

बाया गेल्या तशी ती आत धावली. वही काढली. वापरलेल्या ओळींपुढे नवऱ्यानं पेन्सिलनं बरोबरची खूण केली होती. ती पानं उलटत गेली आणि ते पान आलं. "ललिताच्या अनुपचा फोन कधीच येत नाही." पुढे खूण. ठसठशीत.

ललिताबाईचा अनुप अकरा वर्षांपूर्वी बापाशी भांडून हैदराबादला गेला. दर रविवारी त्याचा फोन येतो असं ललिता साऱ्या आळीला सांगते. दुपारी परसात बसून मोठ्यानं बोलते, "जेवला का बाबू? तब्येत बरी आहे ना?" दोन्ही घरांची भिंत एकच, सगळं ऐकू येतं. एका रविवारी ललिताकडचा लाइटचा बोर्ड जळाला होता, म्हणून तिनं आपला मोबाइल चार्जिंगला कौशल्याबाईकडे ठेवला होता. तो इथे फळीवर पडलेला आणि भिंतीपलीकडे ललिता अनुपशी बोलतेय! कौशल्याबाईनं हे एकाही जिवंत माणसाला सांगितलं नाही. फक्त वहीला सांगितलं.

तिनं दुकानात फोन लावला. "अवो, काय करून बसले तुम्ही! वाचलं तरी का?"

"मी कुठं वाचतो?" तो बिचारा गांगरला. "पंधरा-वीस अक्षरं काठावर बसते. तेवढ्यात मावतीन अशा ओळी मोजून घेतल्या. काहून, अक्षर बिघडलं का?"

तिनं कपाळावर हात मारला. न उघडलेली एकच वाटी उरली होती, सगळ्यात आधी गेलेली. ती वही हातात तशीच घेऊन शेजारी गेली.

ललिताबाई ओट्यावर बसली होती. वाटी मांडीवर, कागद सोडलेला. ती बोट काठावरून फिरवत होती. कौशल्याबाईला पाहून तिनं मान वर केली नाही.

"ललिता, बाई, माह्या हातून..."

"तुले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"आठ वर्षं झाली."

"अन् तरी दर सोमवारी विचारत होतीस, अनुप काय म्हणे म्हणून?"

कौशल्याबाई खालीच बसली. रडू आवरेना. आता हिनं शिव्या द्याव्या, वाटी फेकून मारावी, जन्मात तोंड पाहू नये, सगळं तिला मंजूर होतं.

ललिताबाईनं वाटी गोल फिरवली. शेवटच्या अक्षरापाशी बोट थांबवलं.

"याच्या पुढं काय लिवलं? ते कोणाच्या वाटीवर गेलं?"

"कोणाच्याच नाही. ते लांब होतं. काठावर मावलं नसतं."

"मंग वाच."

तिनं वही उघडली. डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षर दिसेना, पण पाठ होतं.

"ती विचारते, जेवला का बाबू. मग मी भिंतीच्या इकडून हळूच म्हणते, हो माय, जेवलो. आईनं विचारलेलं असं हवेत राहू नये."

ललिताबाईनं पदरानं नाक पुसलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"जोरानं म्हणत जा ना वं मंग," ती म्हणाली. "मले आयकू नाही येत."