पहिल्या अल्बमचा कीबोर्ड

हे लिहायला बसलो तेव्हा आधी वाटलं, आपण कोण लिहिणारे? ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट असतं त्यांनी आठवणी लिहाव्यात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि अजून दुसऱ्याच वर्षाला आहे. त्यात विषय बँडचा. मला संगीतातलं काही कळत नाही, हा सूर कोणता असं विचारलं तर सांगता येणार नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ज्याने हे लिहायला हवं तो कधी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो आहे.

आमच्याकडे, धुळे-जळगावकडे, बँड म्हणजे लग्नाचा बँड. मोठी गाडी, तिच्यावर भोंगे आणि स्पीकरचे डबे, पुढे कीबोर्ड आणि ढोल-ताशे, आणि सतत बोलणारा एक माईकवाला. नावाजलेल्या बँडची तारीख आधी मिळवतात आणि मुहूर्त नंतर काढतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. पण आमच्याकडे तसंच आहे. अशा बँडचे चाहते असतात. कोणत्या गावाला ऑर्डर आहे हे कळलं की पोरं मोटरसायकली काढून न बोलावता जातात. नवरा कोण, नवरी कोण, काही विचारत नाहीत. गाडीसमोर मोबाईल धरून उभी राहतात, आणि बँड थांबला की जेवण न करता परत येतात.

या बँडांचे अहिराणी गाण्यांचे अल्बमही निघतात, आणि कोणाचा पहिला अल्बम भारी यावरून पोरं हमरीतुमरीवर येतात. जळगावात आम्ही तिघं त्यातलेच होतो. माझा रूम पार्टनर चाळीसगावचा, तो पक्का बँडवेडा. दुसरा धुळे शहरातला, त्याचे वडील नोकरीवाले. तो इंग्रजी गाणी ऐकायचा. 'डेब्यू अल्बम' आणि 'ओव्हररेटेड' हे शब्द मला त्याच्यामुळेच कळले. कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर आमचं रोज हेच चालायचं.

"कोणत्याही बँडचा पहिला अल्बम ऐकायचा आणि थांबायचं," धुळ्याचा म्हणायचा. "पहिल्यात भूक असते. नंतर नुसती गाडी मोठी होते."

"तू नको सांगू भो," रूम पार्टनर उसळायचा. "तू लग्नात कानात कापूस घालून जातो."

"कापूस खान्देशचाच असतो ना? मग झालं तर."

एका बँडवर मात्र गाडी नेहमी अडायची. त्याचं नाव लिहीत नाही. त्याचा पहिला अल्बम मी शाळेत असताना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला आला होता आणि अजून वाजतो. धुळ्याचा म्हणायचा, बँड ओव्हररेटेड आहे, एका अल्बमवर इतकी वर्षं खातोय. रूम पार्टनर म्हणायचा, तो एकच अल्बम सगळ्यांना पुरून उरला, आणि तो कीबोर्डमुळे. त्यातल्या तिसऱ्या गाण्यात चाल वर चढत जाते, मधली एक पट्टी सोडून देते आणि एकदम पुढच्या पट्टीवर जाऊन पडते. चाहते तिला 'उडी' म्हणतात. रूम पार्टनर त्या उडीसाठी शिरपूरपर्यंत गेलेला आहे. ती ऐकताना त्याचा हात आपोआप वर जातो, हे मी पाहिलं आहे.

अल्बममध्ये त्या उडीच्या आधी माईकवाला कीबोर्डवाल्याचं नाव घेतो. ते नाव बँडच्या मालकाच्या पुतण्याचं आहे. वाजवलं आहे माझ्या मोठ्या भावाने.

माझा भाऊ बारावीला नापास झाला आणि जुना कीबोर्ड घेऊन स्वतःच शिकला. त्या कीबोर्डची एक पट्टी बंद होती. तिच्यावरून बोट उचलून पुढे टाकायची त्याला सवय लागली. पुढे तो त्या बँडमध्ये वाजवायला लागला, चांगला कीबोर्ड हाती आला, तरी ती सवय सुटली नाही, आणि पोरांनी तिला उडी म्हणून डोक्यावर घेतलं. यात कला किती आणि बंद पट्टी किती, हे मला सांगता येत नाही. पण दुसऱ्या कोणाला ती तशी जमत नाही.

रेकॉर्डिंगच्या आधी मालक स्वतः आमच्या घरी आला होता. मला ते स्पष्ट आठवतं. ओट्यावर चहा झाला आणि सगळ्यांसोबत भावाचंही नाव घ्यायचं का, असं त्याने वडिलांना विचारलं, "आबा, माईकवर बठ्ठासनं नाव घेतस. तुमना पोऱ्यानं बी घेवू ना?"

वडील म्हणाले, "नाव नका घेवू. त्याना लगीननी बोलनी चालू शे. आपलामा कोनी बँडमा वाजाडत नही."

"मंग काय सांगू? कीबोर्ड आपोआप वाजी ऱ्हायना?"

"कोनं बी घ्या. त्यानं नका घेवू."

भाऊ तिथेच होता. चहाचे कप उचलून आत गेला. घरात कोणालाच ते गैर वाटलं नाही. शेतकऱ्याच्या पोराने दुसऱ्यांच्या वरातीपुढे वाजवायचं, आणि वर ते गावोगाव ऐकवायचं, हे तेव्हा मलाही कसंतरीच वाटत होतं. लग्न ठरलं की नंतरच्या अल्बममध्ये नाव येईल, असं ठरलं. मालकाने पुतण्याचं नाव घेतलं. पुतण्या तेव्हा गाडीवर वायरी जोडायचा.

लग्न ठरलं नाही. मुलीकडच्या कोणीतरी भावाला आधीच एका वरातीत गाडीवर पाहिलं होतं. निरोप आला, बँडवाल्याला पोरगी देत नाही. वडिलांनी त्याच आठवड्यात त्याला मामाकडे रावेरला पाठवलं. तेव्हापासून तो केळी भरायच्या कामावर आहे. घड धुवायचे, फण्या कापायच्या, खोक्यात भरायच्या, ट्रकवर चढवायच्या. पाहुण्यांना आम्ही सांगतो, केळीच्या धंद्यात आहे. अल्बम मात्र चालला. पुतण्याच्या हातात कीबोर्ड आला, त्याचे फोटो बॅनरवर लागले. तो तयार ट्रॅक लावतो आणि पट्ट्यांवर बोटं फिरवतो.

हे मी दोघांना एकदा सांगितलं होतं. फार दिवस मनात ठेवलं होतं, मग एकदा बोलून गेलो, की तो कीबोर्ड माझ्या भावाने वाजवला आहे. मग रूम पार्टनर टपरीवाल्याला म्हणाला, "काका, एक चहा वाढवा. तो अल्बम वाजवणारा अजून एक भाऊ सापडला." धुळ्याचा म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको, पण आमच्या गल्लीत पण दोन आहेत." मीही हसलो. काय करणार? पुरावा काहीच नव्हता, आणि नाव तर खणखणीत दुसऱ्याचं घेतलेलं.

पण त्यानंतर मी एक गोष्ट धरून बसलो. भावाचं नाव घेणं सोडलं आणि एवढंच म्हणायला लागलो, की पुतण्याला वाजवता येत नाही. ट्रॅक बंद करून वाजवू द्या, उडी येणार नाही. धुळ्याच्याला हे पटलं. त्याला त्या बँडविरुद्ध काहीतरी हवंच होतं. त्याने दोन-तीन वरातींचे व्हिडिओ जोडून मोबाईलवर टाकले. एकात पुतण्याची बोटं थांबलेली आणि सूर चालू, असं दिसत होतं. खाली लिहिलं, 'खान्देशचा सगळ्यात ओव्हररेटेड कीबोर्ड. हिंमत असेल तर पहिला अल्बम लाईव्ह वाजवून दाखव.' ते फार पसरलं. शिव्या आल्या, समर्थनं आली, दुसऱ्या बँडांच्या चाहत्यांनी तर उत्सव केला. मला मनातून बरं वाटत होतं. वाटलं, आता खोटं उघडं पडेल, लोक विचारतील की मग खरं कोणी वाजवलं, आणि कधीतरी भावाचं नाव निघेल.

मालकाने माईकवरून आव्हान स्वीकारलं. पहूरला एक मोठं लग्न होतं, तिथे पहिला अल्बम पूर्ण वाजणार, ट्रॅकशिवाय. जळगावातून कितीतरी पोरं गेली. माझं त्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं, ते बुडवणं मला शक्य नव्हतं. संध्याकाळी दोघं धुळीने भरलेले खोलीवर आले. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"हरला भो तू," रूम पार्टनर दारातूनच म्हणाला. "आपण सगळेच हरलो. अल्बम पूर्ण वाजवला."

"ट्रॅक असेल."

"ट्रॅक नव्हता," धुळ्याचा म्हणाला. तो खाटेवर बसला आणि बूट काढत राहिला. "मधेच जनरेटर बंद पडला. पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याने अर्ध्या ओळीतून उचललं. एका म्हाताऱ्याने आखाजीचं गाणं मागितलं, ते अल्बममध्ये नाहीच. ते पण वाजवलं, आणि त्यात पण उडी घेतली. मी चुकलो यार. मी ती पोस्ट काढून त्याची माफी मागणार आहे."

मी व्हिडिओ मागितला. गर्दीत पुतण्या काळा चष्मा लावून, मान हलवत, पट्ट्यांवर वाकून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, मोबाईल कानाला लावला. आखाजीचं ते गाणं आमची आई घरात म्हणते. दुसऱ्या ओळीनंतर ती जरा जास्त थांबते, श्वास घ्यायला. कीबोर्डही तिथे तेवढाच थांबला.

मी खाली रस्त्यावर जाऊन भावाला फोन लावला. तो रावेरला कामावर परतलाही होता, पलीकडून खोकी आपटल्याचे आवाज येत होते.

"दादा, पहूरले तू व्हता का?"

तो थोडा हसला. "कसं समजनं?"

"कोठे बठना व्हता?"

"गाडीमा. डब्बासना मांगे. पुढे बॅनर बांधेल व्हतं, माले काही दखायेच ना. मालक सोता लेवाले उना व्हता रावेरले. रडकुंडीले येल व्हता बिचारा."

"आनि नाव?"

"तो घेवाले तयार व्हता. म्हने, तू पुढे उभा ऱ्हाय, मी माईकवर बठ्ठं सांगी देस. मीच नही म्हनं." मग आवाज खाली आणून म्हणाला, चाळीसगावकडचे पाहुणे रविवारी बघायला येणार आहेत, पुढे उभा राहिलो असतो तर सकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर माझं तोंड दिसलं असतं.

मला राग आला. मी म्हणालो, "मंग गया कसाले?"

"बोटे चालतस का दखानं व्हतं," तो म्हणाला. "चालनात." चालली, हे मी ऐकलंच होतं. आणि ट्रक आला म्हणून त्याने फोन ठेवला.

मला त्याला खूप काही म्हणायचं होतं. वडिलांनाही. सहा-सात वर्षांपूर्वी वडिलांनी नाव घेऊ दिलं नाही, आता तर कोणी अडवलंही नव्हतं. मालक तयार होता, माईक तयार होता, सगळा तालुका समोर उभा होता, आणि माझा भाऊ बॅनरच्या मागे घामात बसून दुसऱ्याचं नाव पक्कं करून आला. मी ज्या वादात त्याच्यासाठी भांडत होतो, तो वाद त्यानेच माझ्याविरुद्ध जिंकून दिला. आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती. रूम पार्टनर चाळीसगावचाच. त्याला खरं सांगितलं असतं तर ते तिकडच्या घरी पोचायला वेळ लागला नसता. या पाहुण्यांनाही कळलं असतं की पोरगा बँडवाला आहे.

धुळ्याच्याने खरंच जाहीर माफी मागितली. प्रामाणिक आहे तो, त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही. टपरीवर पुतण्याला मोठ्या वाजवणाऱ्यांत बसवण्यात आलं. रूम पार्टनर मला म्हणाला, "आता तरी मान्य कर ना भो. तुझ्या भावाचं सोड, पण उडी त्याचीच आहे."

"हो," मी म्हणालो. "त्याचीच आहे."

आता मी त्या टपरीवर फारसा जात नाही. गेलो तरी वाद सुरू झाला की पुस्तक काढतो. कोणता बँड ओव्हररेटेड, कोणाचा पहिला अल्बम अजरामर, हे पोरं इतक्या खात्रीने बोलतात की मला त्यांचं नवल वाटतं. मीही तसाच बोलायचो.

रविवार गेला, त्यानंतरचाही गेला. घरून काहीच कळेना. भावाला विचारायची हिंमत होत नव्हती. काल दुपारी लायब्ररीत असताना वडिलांचा फोन आला. ते एरवी मला फोन करत नाहीत. मी जिन्यात जाऊन उचलला. ते मोठ्याने बोलत होते, आनंदात होते, मागे आईचाही आवाज येत होता.

"पसंती उनी," ते म्हणाले. "पोरले बी आवडना, घरनासले बी. देनंघेनं काही नही, चांगला लोके शेतस. त्यासनी फक्त एकच अट शे. वरातले तोच बँड पायजे, आनि पुतण्या सोता कीबोर्डवर पायजे. तुना भाऊले मी इचारं, तो हा म्हना. मालकले फोन लावी दिधा, तारीख बी भेटनी."