वैशालीचा लॅपटॉप आणि बाळूचं लग्न

बायकोच्या नव्या लॅपटॉपची वाट मी अतिशय चांगल्या हेतूने लावली.

वैशाली गोरेगावच्या एका स्टुडिओसाठी मालिकांचं एडिटिंग करते, मुलुंडला आमच्या घरी बसून. नवा लॅपटॉप आणला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "आत हार्डडिस्कऐवजी एसएसडी आहे, स्पीड एकदम झकास!" महिन्याभराने मी आत डोकावलो तर निम्म्याहून जास्त जागा रिकामी! मुंबईत एवढी जागा नुसती पडून? मला बघवेना. (आमच्या पलंगाखालीसुद्धा तीन बॅगा आणि एक पाळणा आहे.) तिला न सांगता मी खानदानाचे सगळे व्हिडिओ त्यात कोंबले. बारशी, मुंजी आणि मालवणच्या चुलतभावाचं, बाळूचं लग्न. सहा तासांचं, त्यातले दोन तास नुसती पंगत! जेमतेम दोन जीबी उरली, तेव्हा कुठे थांबलो.

आठवड्याभरात लॅपटॉप रांगायला लागला.

"अरे, एक फाइल सेव्ह करायला पाच मिनिटं घेतोय हा! चार वाजता एपिसोड द्यायचाय रे!"

"नेट स्लो असेल."

"सेव्ह करायला नेट लागतं?"

"मग तापला असेल." मी फ्रीजरमधून माझ्या गुडघ्याची बर्फाची पिशवी आणून त्याच्याखाली ठेवली. लॅपटॉप गार झाला, टेबल भिजलं, वेग होता तसाच!

वैतागून तिने लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि चहा टाकायला गेली. मी संधी साधली. गुपचूप सगळे व्हिडिओ उडवायचे, कुणाला काही कळणार नाही! पहिलाच मोठा फोल्डर दिसला, 'लग्न फायनल'. डिलीट! मग बारशी, डिलीट! मुंजी, डिलीट! पण जागा बघतो तर तीच दोन जीबी.

वैशाली कप घेऊन आली. स्क्रीनकडे बघत राहिली.

"माझा 'लग्न फायनल' कुठे गेला?"

"ते... बाळूचं होतं ना?"

"कसला बाळू? हिरॉइनचं लग्न आहे ते! तीन आठवड्यांचं काम आहे माझं!"

"बॅकअप असेल ना?"

"आज देऊन झाल्यावर घेणार होते." ती इतक्या हळू आवाजात बोलली, की ओरडली असती तर बरं, असं मला वाटलं.

समोरच्या विंगेतली अर्चना तावडे लॅपटॉप दुरुस्त करते. तिला बोलावलं तेव्हा तीन वाजले होते. मी सगळा गुन्हा कबूल केला, बाळूच्या पंगतीसकट.

"दादा, एसएसडी काठोकाठ नाही भरायची," ती म्हणाली. "तिला नवीन लिहायचं तर आधी जुना डेटा इकडचा तिकडे हलवून जागा मोकळी करावी लागते. जागाच नसेल तर तेवढ्यासाठी तेच तेच पुन्हा लिहीत बसते. स्पीड जातो आणि आयुष्यही लवकर संपतं. दहा-पंधरा टक्के तरी मोकळी ठेवा ना!"

"आयुष्य कुणाचं?" मी वैशालीकडे बघत विचारलं.

"सध्या एसएसडीचं," वैशाली म्हणाली.

अर्चनाने एकदम मान वर केली. "दादा, डिलीट केल्यावर रिसायकल बिन रिकामी केलीत का?"

"ती... वेगळी करावी लागते?"

तिने बिन उघडली. आत बारशी, मुंजी आणि सगळ्यात वर 'लग्न फायनल', शाबूत!

"म्हणून जागा सुटली नाही," अर्चना हसायला लागली. "पण नशीब समजा. बिन रिकामी केली असतीत ना, तर एसएसडीवरून परत मिळणं जवळपास अशक्य होतं. ती लगेच आतून साफ करून टाकते."

वैशाली मटकन खुर्चीत बसली. मग हसली. मग माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला. इतका गोड चिमटा मी लग्नानंतर पहिल्यांदाच अनुभवला! व्हिडिओ दुसऱ्या हार्डडिस्कवर गेले, लॅपटॉप पळायला लागला आणि चारला पाच मिनिटं असताना एपिसोड गोरेगावला रवाना झाला.

अर्चनाला दारापर्यंत सोडताना वैशाली म्हणाली, "या माणसाने आजवर एक काम धड पूर्ण केलेलं नाही."

खरंय. आणि त्या दिवशी हेच उपयोगी पडलं!