मागून येणारी जीप

नव्वदच्या दशकात आम्ही इंदापूरला राहत होतो. बायकोला कळा सुरू झाल्या म्हणून भर दुपारी मी तिला आमच्या जुन्या गाडीतून बारामतीला दवाखान्यात नेत होतो. लासुर्ण्याजवळ ऑइलचा लाल दिवा मध्येच लागायला आणि विझायला लागला. इंजिन जाईल या धास्तीने मी थांबलो.

इंदापूरकडे निघालेला एक जीपवाला आपणहून उतरला. त्याने ऑइल तपासलं, ते पुरेसं होतं. मग दिव्याची सैल वायर दाबून बसवली, कान देऊन इंजिन ऐकलं आणि टोपीला हात पुसले.

“वायरच असंल, पर खात्रीनं सांगता येत न्हाय. तुमी चला, मी मागं हाय.”

“तुम्हाला तर इंदापूरला जायचंय ना?”

“इंदापूर कुठं पळून जातंय?” म्हणत त्याने जीप वळवली. आम्हाला आरशात दिसावं म्हणून उन्हातही हेडलाइट लावले.

दवाखान्याच्या फाटकात मी आभार मानायला वळलो, तोवर तो हात हलवून परत निघालाही होता. संध्याकाळी मुलगी झाली.

मला मात्र तो रस्ता आठवतो. दिवा पुन्हा लागला की माझा जीव घाबरायचा आणि कळा सोसत बायको मागे बघून म्हणायची, “आहेत हो ते.”