टेकडीवाले, उतरा

माझी मावशी बस कंडक्टर. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोजची फेरी, आणि आवाज असा की मागच्या सीटवर घोरणारा दचकून उठावा. थांबे ती खुणांवरून पुकारायची: ओढा, तळं, टेकडी. पुढे ओढा पाइपात गेला, तळं बुजवून गोदामं उभी राहिली, टेकडी खडीसाठी पोखरून पोखरून तिचा खड्डा झाला. थांब्यांच्या पाट्याही बदलल्या. तळ्याचं झालं 'गोदाम दोन'. मावशी मात्र जुनीच नावं पुकारत राहिली. समजवायला गेलं की म्हणायची, मी पोहायला गोदाम दोनमध्ये शिकले असं सांगू का लोकांना?

मग एक नवखा माणूस गळ घेऊन गाडीत चढला. 'तळं' ऐकून खुशीत उतरला, तर समोर कुंपण आणि पहारेकरी. पठ्ठ्याने तडक जाऊन तक्रार ठोकली.

डेपोच्या साहेबांनी मावशीला बोलावून सुनावलं, की उद्या मी स्वतः गाडीत असेन, एक जरी जुनं नाव निघालं तर तुमचं गाडीवर जाणं बंद. आणि मावशीचा तर सगळा जीव त्या गाडीत. एक दिवस तोंड आवर म्हणून आईने तिच्यापुढे हात जोडले. मावशीने ऐकून घेतलं आणि डबा भरला. मला राहवेना, मीही सोबत गेलो.

तिने ओढा पुकारला. साहेबांनी मान वर केली. तळं पुकारलं. पुढच्या वळणावर खाण दिसू लागली तशी ती घसा खाकरून म्हणाली, "चला, टेकडीवाले, उतरा."

साहेब उठलेच. "बाई, कुठे आहे टेकडी?"

"तेच विचारतेय मी साहेब, रोज. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, कुठे नेली?"

मला तिचा भयंकर राग आला आणि तितकाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीवरून काढून स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसवलं. घरी येऊन ती रडली, हे मी कशाला लपवू? पण शिक्षेच्या घाईत साहेब एक विसरले. त्या खिडकीत माइक असतो. आता सगळ्या फलाटांवर, बाहेरच्या रस्त्यावर आणि साहेबांच्या खोलीतही रोज सकाळी ऐकू येतं, "ओढा, तळं, टेकडीमार्गे जाणारी गाडी लागली आहे."