राजाच्या खणातले अर्ज

अमरावती रोडवरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्रज राजाशी नातं का तोडलं, हे नुसतं वाचून दाखवलं की पोरं जांभया देतात. चहावर कर लावला आणि लोकांनी चहा समुद्रात फेकला, एवढंच त्यांच्या डोक्यात राहतं. "येवढ्याशा चहासाठी काहून जी मॅडम?" असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. म्हणून त्या वर्षी मी डोकं चालवलं. डोकं कसलं, अतिशहाणपणा केला!

वर्गाला म्हटलं, आठवडाभर मी राजा आणि तुम्ही वसाहतीतले लोक. तक्रार असेल ती अर्जात लिहायची आणि माझ्या टेबलाच्या खणात टाकायची. अर्जाचा साचा आपल्या पोरांना पाठच असतो : प्रति, विषय, महोदय, शेवटी 'आपला आज्ञाधारक'. मी ते वाचणारच नव्हते. पुढच्या मंगळवारी न उघडलेला गठ्ठा काढायचा आणि सांगायचं, बघा, असंच झालं. चहा निमित्त होता. लोक वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले, आम्ही तुमचीच प्रजा म्हणत राहिले, आणि तिकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

वर्गात एक मुलगी त्याच रोडवरच्या वाडी या वस्तीतून चालत यायची. वडील ट्रक ड्रायव्हर, आई गोदामात कामाला. बुधवारी मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी आली. "वाचले का जी अर्ज?" मी नसलेल्या मिशीला पीळ देत म्हटलं, "राजाला फुरसत नाही." वर्ग खिदळला. गुरुवारी तिनं परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. शनिवारी शाळा सुटताना घुटमळत म्हणाली, "मॅडम, तोंडी सांगू का?"

"प्रजेनं लेखीच बोलायचं."

पुन्हा हशा. ती हसली नाही. ते मला दिसलं होतं, हे आज कबूल करते. दिसूनही मी पर्स उचलली आणि स्कूटी काढून हुडकेश्वरला घरी निघून गेले.

मंगळवारी खण उघडून गठ्ठा दाखवला, ठरलेलं बोलून झालं, मग पोरांनी हट्ट धरला म्हणून वाचायला घेतला. पंखा फिरत नाही, कबड्डीचा तास बुडतो, चहावरचा कर काढा, असे एकेक अर्ज मी मोठ्यानं वाचू लागले. पोरं खूश. सहावा की सातवा तिचा निघाला. विषय : माझी शाळा बंद होऊन राहिल्याबाबत. तो मी मोठ्यानं वाचू शकले नाही. 'भावाले सांभाळायले घरी कोणी नाही म्हणून बाबा सोमवारी दाखला काढणार आहेत. बाबा फक्त तुमचं ऐकतात. रविवारी घरी याल का? आपली आज्ञाधारक.' मान वर केली तर तिची जागा रिकामी. ऑफिसात विचारलं. दाखला काल सकाळीच गेला होता.

त्याच दुपारी मी वाडीला गेले. गोदामांच्या मागं भाड्याची एक खोली. वडील घरी होते, ती भावाला भरवत होती. मी हात जोडले, चुकलं म्हटलं. शाळेशेजारच्या बालवाडीत भावाला ठेवता येईल, मी स्वतः बोलते, दाखला परत घ्यायला लावते, सगळं एका दमात सांगितलं.

वडील मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "रईवारी आले असते मॅडम, तं दाखला काढलाच नसता. दिवसभर वाट पाह्यली आमी. पोरीनं शेजारून चांगले कप मागून आणले होते तुमच्यासाठी." मग तिच्याकडे वळले. "बालवाडीचं जमते तं माही ना नाही. जातं का वं परत?"

माझा जीव भांड्यात पडला. राजानं सगळ्या मागण्या मान्य केल्या होत्या ना!

तिनं भावाचं तोंड पुसलं. "शाळेत जाईन बाबा. पण मॅडमच्या शाळेत नाही." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी समजूत तरी घातली असती. मी म्हटलं, "अगं, तो खेळ होता. धडा शिकवायचा होता मला."

"समजला मले धडा," ती म्हणाली. "मी तीनदा आली होती जी तुमच्यापाशी."

पुढच्या आठवड्यात तिनं वाडीतल्याच एका शाळेत नाव घातलं, भाऊ तिथल्या बालवाडीत. मला बरं वाटायला हवं, आणि वाटतंही. पण रडूही येतं. त्या दिवशी निघताना तिनं चहा दिला होता, घरच्याच स्टीलच्या ग्लासात. मागून आणलेले कप रविवारी संध्याकाळीच परत गेले होते.