पिन नंबर मराठीत विचारला म्हणून

ती घटना आठवायला मला प्रयत्न करावे लागत नाहीत. विसरायला मात्र मी बरेच केले आणि ते फुकट गेले. पोलीस खात्यातून मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, त्याला आता काही वर्षं झाली. दिवाणखान्यात त्या तपासाचं एक प्रशस्तिपत्र लावलेलं आहे. येणारे-जाणारे ते वाचतात आणि कौतुक करतात. त्या कागदावर जे लिहिलेलं नाही, ते इथे लिहितो.

आमचं घराणं बेंगळुरूत कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात निम्मी कन्नड मिसळलेली. ठाण्यात मात्र मी मराठीचा एक शब्दही काढत नसे. साहेब बाहेरचा आहे असं कोणाला वाटू नये, एवढंच कारण.

तेव्हा मी हेब्बाळच्या बाजूला एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. चिपची कार्डं यायला लागली होती, तरी बऱ्याच जणांच्या पाकिटात नुसत्या काळ्या पट्टीचीच कार्डं होती. त्या पट्टीवरची माहिती काडेपेटीएवढ्या यंत्रात दोन सेकंदांत उतरवता येते आणि मग कोऱ्या कार्डावर चढवता येते. पिन नंबर मात्र पट्टीत नसतो. तो चोराला वेगळा मिळवावा लागतो.

एका सकाळी हजेरी चालू असताना एक मराठी जोडपं आलं. गृहस्थ सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. बाई शांत, पण डोळे सुजलेले. कार्ड पाकिटातच होतं आणि खात्यातून देवनहळ्ळीच्या एका एटीएममधून सलग तीन दिवस पैसे निघाले होते.

"घरात कोण कोण असतं?" मी हिंदीत विचारलं.

"आम्ही दोघं. आणि स्वयंपाकाच्या बाई," गृहस्थ म्हणाले. "निपाणीकडच्या आहेत. चांगल्या आहेत तशा."

"त्यांचे नातेवाईक?"

"भाऊ कॅब चालवतो. विमानतळावर." मग थोडं थांबून म्हणाले, "राहतो देवनहळ्ळीला."

माझ्या डोक्यात प्रकरण तिथेच मिटलं. पोलिसांना हा रोग असतो. कार्ड घरात आणि पैसे बाहेर, म्हणजे घरातलंच कोणीतरी. दहातल्या बऱ्याच प्रकरणांत तसं निघतंही, म्हणून सवय पक्की होते. एटीएमचं चित्रीकरण मागवलं, तर त्यात हेल्मेट घातलेला माणूस. कॅबवाला हेल्मेट कशाला घालेल, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

महिलेला चौकशीसाठी ठाण्यावर बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, असा नियम आहे. मी फोनवर "जरा येऊन जा" एवढंच म्हणालो आणि नियम वाकवला. ती आली. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू, हातात भाजीची पिशवी. तिला सगळे अक्का म्हणत, मीही तसंच म्हणतो. महिला शिपाई शेजारी बसवली आणि मी कन्नडमध्ये सुरुवात केली. अक्काला कन्नड कळत होती, पण घाबरलेला माणूस आपल्याच भाषेत उत्तर देतो.

"कार्डाचा पिन नंबर तुला माहीत आहे का?"

"हाय की माहीत," ती मराठीत म्हणाली. "मलाच काय, बाई सगळ्या दुकानाला सांगतात की."

मला ते पूर्ण कळलं. समोर जबाब लिहायला बसलेल्या रायटरला अक्षरही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याला कन्नडमध्ये सांगितलं, "लिही. पिन नंबर माहीत असल्याचं कबूल केलं."

पुढचं वाक्य मी सांगितलं नाही. तो मला उद्धटपणा वाटला. तिचा खरेपणाच मी तिच्याविरुद्धचा पुरावा केला.

तिच्या भावाचीही चौकशी केली, पण अटक करण्याइतकं हातात काही नव्हतं, म्हणून तिला सोडलं. पण शास्त्रज्ञांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "तपास संपेपर्यंत लांब ठेवा." त्यांच्या सोसायटीत कामवाल्यांची नोंद गेटवरच्या अ‍ॅपमध्ये असते. संध्याकाळपर्यंत तिच्या फोटोवर लाल पट्टी आली. त्या एका गेटच्या आत तिची चार घरं होती. एका फोनवर चारही बंद झाली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज अकराच्या सुमारास ठाण्यात येऊ लागली. बाकावर बसायची. पाणी दिलं तर प्यायची, चहा घ्यायची नाही. मी जाता-येता दिसलो की एकच विचारायची, "गेट कधी उघडणार, साहेब?"

"तपास चालू आहे," मी सांगायचो. कन्नडमध्ये.

दहाव्या दिवशी दुसरी तक्रार आली आणि बाराव्या दिवशी तिसरी. रीत तीच, एटीएम देवनहळ्ळीच्याच बाजूचं. तिसरा तक्रारदार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआर लेआउटमधला तरुण अभियंता, तिकडच्या ठाण्याने आमच्याकडे पाठवलेला. त्याच्या घरी स्वयंपाकाला कोणी नव्हतंच.

"स्वयंपाक मीच करतो," तो म्हणाला. "बायको म्हणते, तोही एक गुन्हाच आहे. त्याची तक्रार इथे घेता का, असं तिने विचारायला सांगितलंय."

कोणी हसलं नाही. माझी नजर बाकावर गेली. अक्का पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

बँकेकडून तिन्ही कार्डं महिनाभरात कुठे कुठे वापरली त्याची यादी मागवली. तिन्हींत एकच जागा सामाईक होती, हेब्बाळजवळचं एक मोठं किराणा सुपरमार्केट. अभियंता तिथे बहिणीकडे आला असताना गेला होता. एकाकडे बिल शिल्लक होतं. अशा बिलावर काउंटरचा क्रमांक छापलेला असतो. दुकानाकडून इतर दोघांची बिलं काढली, तर तेच चार नंबरचं काउंटर.

पण त्या काउंटरवरून दिवसाला शेकडो माणसं जातात. मग हीच तीन का? आमचे हेड कॉन्स्टेबल जुने, मंड्याकडचे. त्यांनी तिन्ही फाइली टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या.

"सार, स्वल्प, जरा आडनावं बघा," ते म्हणाले. ते कन्नडच बोलत, मी इथे मराठीत देतो. "तिघंही तुमच्याकडचे. तमिळ नाही, तेलुगू नाही, आमचा गौडा नाही. चोराला मराठी माणसाचाच पैसा गोड लागतो काय?"

तेव्हा मला ते वाक्य आठवलं. मी अक्काचा जबाब उघडून पाहिला. तिथे ते नव्हतंच. असणार कसं, मीच लिहू दिलं नव्हतं. मी बाहेर बाकाकडे गेलो आणि त्या ठाण्यात पहिल्यांदा मराठीत बोललो.

"अक्का, बाई सगळ्या दुकानाला सांगतात म्हणजे काय?"

तिने मांडीवरची पिशवी बाकावर ठेवली.

"पिशव्या उचलायला मी जाते की त्यांच्याबरोबर. कार्ड साहेबांच्या नावाचं. बाईंना नंबर ध्यानात राहत न्हाई. साहेब लांब तिकडं सामानाचा ढकलगाडा लावायला जातात. मग बाई इथनं हाक मारतात, अहो, पिन नंबर काय? आणि साहेब तिथनं ओरडतात."

"लोक ऐकतात ना."

"मी बी तेच म्हटलं एकदा. तर म्हणाल्या, इथे मराठी कोणाला कळतंय?"

इतर दोघांना फोन लावला. दोन्हीकडे कार्ड नवऱ्याच्या नावाचं, बायको काउंटरपाशी, आणि नंबर विचारला मराठीत. घराबाहेर पडलं की मराठी ही आपली बंद खोली, असं आम्ही इथले सगळेच मराठी लोक धरून चालतो. भाजीवाल्यासमोर भावाची चर्चा, रिक्षावाल्यासमोर रिक्षावाल्याची निंदा. मी स्वतः ती खोली आयुष्यभर वापरली होती.

सापळा लावायचा तर मराठी जोडपं हवं. ठाण्यात मराठी येणारी महिला नव्हती. मी घरी बायकोला विचारलं.

"पंचवीस वर्षं मला हळू बोल, हळू बोल म्हणत आलात," ती म्हणाली, "आणि आता सरकारी कामासाठी ओरडू?"

"एकदाच."

"सरी, ओरडते. पण खरेदी माझ्या यादीप्रमाणे."

बँकेला आधी कळवून माझंच पट्टीचं जुनं कार्ड घेतलं. दुपारी आम्ही दोघं चार नंबरवर उभे राहिलो. काउंटरवरचा माणूस तिशीतला, नीट भांग पाडलेला, हिंदीत अदबीने बोलणारा. माझ्या मागे साध्या कपड्यांत शिपाई, हातात बिस्किटाचा पुडा. त्याच्या मागे दोन पंच. मी ठरल्याप्रमाणे गाडा घेऊन दाराकडे गेलो. बायकोने कार्ड दिलं आणि असा आवाज लावला की फळांच्या विभागातले लोकही वळले.

"अहो, पिन नंबर काय आपला?"

मी तिथून नंबर सांगितला. माणसाने मान वर केली नाही. कार्ड यंत्रात ओढलं, मग बिलाचा कागद बदलायचा म्हणून तोच हात कार्डासकट काउंटरखाली नेला. शिपायाने पुडा टाकून ते मनगट धरलं. फळीच्या आतल्या अंगाला चिकटपट्टीने लावलेलं काळं यंत्र निघालं. तिथेच पंचनामा केला. बायकोने खरेदीचं बिल मात्र रोखीने चुकतं केलं.

ठाण्यात आल्यावर तो शांत होता. यंत्र आपलं नाही, आधीच्या माणसाने लावलं असेल, म्हणाला. मी पिन नंबरांचं विचारलं.

"सर, मुझे मराठी आती ही नहीं," तो म्हणाला. "सुनके भी क्या समझूँगा?"

तासभर तेच उत्तर. मग मी कागद मिटले, हेड कॉन्स्टेबलांकडे वळलो आणि साध्या आवाजात मराठीत म्हणालो, "याच्या कॉलरवर पाल चढतेय, बघा."

हेड कॉन्स्टेबलांना मराठी कळत नाही. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. समोरचा माणूस खुर्चीसकट मागे उडाला आणि दोन्ही हातांनी मान झटकू लागला. पाल नव्हती.  मग तो हळूच खाली बसला.

"कुठे शिकलास?" मी विचारलं.

"पुण्यात, साहेब," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "सहा वर्षं हॉटेलात होतो." आणि मग सगळं सांगितलं. नंबर टिपायला कॅमेरा लावला तर तो सापडतो, कानाला काही लावावं लागत नाही, म्हणाला. "बाईंच्या तोंडून 'अहो' ऐकू आलं की कार्ड खाली घ्यायचो. दुसरं कोणाचं घेतलंच नाही." नंबर तो बिलाच्या मागे टिपायचा आणि देवनहळ्ळीच्या जोडीदाराला द्यायचा. हेल्मेटवाला तोच. दुसऱ्या दिवशी तोही सापडला, कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यासकट. त्या गठ्ठ्यात आणखी अकरा घरांची कार्डं होती. त्यांना आम्ही पैसे जायच्या आधी कळवलं. पोलीस खात्यात इतका आनंद मला क्वचितच झाला.

पण माझं खरं काम बाकी होतं. फोनवर गेट बंद केलं होतं. ते फोनवर उघडायचं नाही, असं मी ठरवलं.

सोमवारी सकाळी, सगळे कामाला निघतात त्या वेळी, मी गणवेशात अक्काला घेऊन त्या सोसायटीच्या गेटवर गेलो. शास्त्रज्ञ आणि बाई खाली आले. कमिटीचे अध्यक्ष आले. गाड्या थांबल्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं की चोर सापडला आहे, या बाईंचा काही संबंध नाही, आणि चोराचा माग यांनीच पहिल्या दिवशी दिला होता. मी तो लिहून घेतला नाही, ही माझी चूक. सुरक्षारक्षकाने फोनवर बोट फिरवलं आणि तिच्या फोटोवरची लाल पट्टी गेली. गेट उघडलं.

बाई पुढे येऊन तिचा हात धरून रडू लागल्या. "अक्का, आजपासून या."

"तीन घरी जाईन," अक्का म्हणाली. "तुमच्याकडं न्हाई. रागानं न्हाई, बाई. तुमचा नंबर मला पुन्हा कळंल, म्हणून."

आत जाता जाता ती माझ्यापाशी थांबली. "साहेब, तुम्ही मराठी. मग मला कानडीत का विचारत होता?"

"ठाण्याचं काम कानडीत चालतं," मी म्हणालो.  त्याचं खरं उत्तर म्हणूनच हा लेख.

आज चिप आहे, फोनवर संदेश येतात, तरी सांगतो. कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. हॉटेलात यंत्र टेबलापाशी मागवा. नंबर दाबताना दुसरा हात वर धरा, मागे स्वतःचा भाऊ उभा असला तरी. ज्याला कार्ड वापरायचं आहे त्याचं स्वतःचं कार्ड असू द्या, नवऱ्याच्या कार्डावर संसार चालवू नका. न काढलेल्या पैशांचा संदेश आला की आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, रडायचं मग. आणि नंबर कोणत्याच भाषेत मोठ्याने बोलू नका. आपली भाषा कोणाला कळत नाही, असं समजणाऱ्याचीच पहिली चोरी होते. नव्या अधिकाऱ्यांना एवढंच सांगेन, जबाबातलं दुसरं वाक्यही लिहून घ्या.

काही महिन्यांनी अक्का आमच्या घरी आली. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं कार्ड घेतलं होतं, चिपचं. वापरायचं कसं, दाखवा म्हणाली. मी तिला कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये नेलं. कार्ड कुठे घालायचं, कोणतं बटण आधी, सगळं सांगितलं. नंबर दाबायची वेळ आली तेव्हा तिने पदराने बटणं झाकली आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"साहेब, तोंड तिकडं करा."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागून चार बटणांचा आवाज आला, मग नोटा मोजल्याचा खडखडाट. ती हो म्हणेपर्यंत मी वळलो नाही.