कप्तानांची लाकूडखरेदी

आमच्या गल्लीत त्यांना सगळे कप्तान म्हणत. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात पाण्यात पाय घातले असतील तर ते शेकण्यासाठी, गरम पाण्याच्या घमेल्यात.

नोकरी विमा कचेरीत, दावे तपासण्याच्या टेबलावर. तपासणे म्हणजे फेटाळणे. घर जळालेल्या माणसाला ते शांतपणे विचारत, की आग लागण्याआधी आपण कळवलं का नाहीत? साहेब त्यांच्यावर खूश होते. निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना घड्याळ दिलं. त्यातही त्यांनी खोट काढली आणि दुकानातून बदलून आणलं.

या माणसाला होडी बांधायची होती. दोन-तीन माणसांची, वल्ह्यांची, साधी होडी. बैठकीच्या खोलीत सगळ्या भिंतींवर आराखडे लावलेले. घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळायचा, पण प्यायला सवड मिळायची नाही. नांगर केवढा असावा, सुकाणू कुठे बसवावं हे ऐकता ऐकता चहावर साय धरायची. कप्तानांचं म्हणणं, लाकूड घ्यावं ते थंडीतच. तेव्हा त्यात रस कमी असतो, पुढे ते पिळत नाही. म्हणणं खरंच होतं. फक्त थंडी आली की कप्तानांना खोकला व्हायचा, आणि खोकला गेला की थंडीही गेलेली असायची.

त्यांची बायको सरकारी दवाखान्यात मुख्य परिचारिका होती. बोलणं कमी, सुई थेट. इतकी वर्षं ती दिवसभर दवाखान्यात असल्यामुळे होडीपासून वाचली होती. ती निवृत्त झाली आणि होडी सकाळ-संध्याकाळ तिच्या कानाशी आली. महिनाभर तिने ऐकून घेतलं. मग ऐन कडाक्याच्या थंडीत एका संध्याकाळी तिने जेवताना सांगितलं की उद्या भाऊ टेम्पो घेऊन येतोय, लाकूड आणायला जायचंय. कप्तान लगेच खोकले. तिने कपाटातून औषधाची बाटली काढली आणि चमचाभर पाजलं.

सकाळी धुकं इतकं दाट होतं की टेम्पोच्या नाकापुढचं दिसत नव्हतं. पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसले. कप्तानांनी वाटेत मेहुण्याला भरती-ओहोटी समजावून सांगितली. मेहुणा जन्मभर टेम्पो चालवत आलेला माणूस. तो प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होता आणि गिअर बदलत होता.

वखार नदीकाठी होती. करवतीचं यंत्र किंचाळत होतं, आणि लोखंडी पिंपात भुसा पेटवून माणसं हात शेकत होती. वखारवाला डोक्याला मफलर गुंडाळून खुर्चीत बसला होता. त्याच्या मते वखारीत वाईट लाकूड नव्हतंच, वाईट गिऱ्हाइकं होती. त्याने कप्तानांकडे एकदा पाहिलं आणि दुसरा चहा मागवला.

कप्तानांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. पहिल्या फळीत गाठ होती. दुसरीच्या रेषा तिरक्या होत्या. एक फार हलकी, एक फार जड, एकीला वास येतो, एकीला वासच नाही. मेहुणा फळ्या काढत होता, परत रचत होता. थंडीतही त्याला घाम फुटला. शेवटी ढिगाच्या तळातून एक लांब फळी निघाली. सरळ, कोरडी, गाठ नाही की चीर नाही. कप्तानांनी ती उलटून पाहिली, सुलटून पाहिली, ठोकली, हुंगली. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "ही संशयास्पद आहे. इतकी निर्दोष कशी?"

वखारवाल्याने कप खाली ठेवला. मेहुणा पहिल्यांदाच काही म्हणणार होता, पण बहिणीने त्याला हाताने थांबवलं.

"अहो, तुम्हाला होडी बांधायचीय की नाही?"

"होडी म्हणजे काय पोरखेळ आहे?"

"नाहीये. बांधायचीय की नाही, एवढंच सांगा."

कप्तान फळीवरून हात फिरवत राहिले. भिंतीवरची होडी कधी गळली नव्हती, कलली नव्हती, तिला कोणी हसलं नव्हतं. ते बायकोकडे न बघता हळूच म्हणाले, "बांधली आणि बुडाली तर?"

"तर भिजाल," ती म्हणाली, आणि वखारवाल्याकडे वळली.

पुढचा सौदा तिने केला. वखारवाल्याने वडिलांची शपथ घेतली, आजोबांची घेतली आणि शेवटी भाव उतरवला. शेजारच्या दुकानातून तांब्याचे खिळे, फटी बुजवायला सुती दोर आणि राळ घेतली. फळ्या चढवताना कप्तानांनीही एक टोक धरलं आणि तळव्यात कुसळ घुसवून घेतलं. बायकोने पदराची पिन काढून ते तिथल्या तिथे उपटलं. फळ्या टेम्पोच्या बाहेर डोकावत होत्या, टोकाला लाल फडकं बांधायला हवं होतं. मेहुण्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कप्तानांच्या गळ्यातला लाल मफलर सोडवून घेतला. कप्तान घरापर्यंत शिंकत आले. पण परतीच्या वाटेवर ते भरती-ओहोटीबद्दल काही बोलले नाहीत.

होडी इमारतीच्या आवारात बांधली. करवत बायकोने धरली, वाफेवर फळ्या मेहुण्याने वाकवल्या. कप्तानांनी आधी नुसत्या सूचना केल्या. चार दिवस कोणीच ऐकलं नाही, तेव्हा हातोडा घेतला आणि पहिला खिळा वाकडा ठोकला. ज्यांनी पाठीमागे टिंगल केली होती ते शेजारी रोज गॅलरीत उभे राहून सल्ले देऊ लागले. फुकट सल्ला देणाऱ्यांना थंडी वाजत नसावी.

उन्हं तापायला लागली तेव्हा होडी नदीत उतरली. जराशी डावीकडे कललेली, पण तरंगणारी. बायको आणि मेहुणा वल्ही मारत लांब गेले. कप्तान काठावरून हुकूम सोडत राहिले, एकही तिकडे पोचला नाही. मग बायको होडी काठाला आणून एवढंच म्हणाली, "बसा."

ते बसले. दोन्ही हातांनी कडा धरून, डोळे मिटून. तळाशी एका फटीतून पाणी झिरपत होतं. पाय ओले झाले तेव्हा त्यांनी डोळे उघडले, मग दाताने ओठ धरून मग्याने पाणी उपसायला लागले. नदीच्या मध्यावर पोचेपर्यंत ते उपसतच होते, आणि आपण मध्यावर पोचलो हे त्यांना मेहुण्याने सांगितलं तेव्हा कळलं. ते हसले. काठावरच्या लोकांना वाटलं रडतायत.

आता ते भेटेल त्याला सांगतात की होडी मी बांधली. बायको जवळच बसून वल्ह्यांना तेल लावत असते.